माझ्यातलं ऑफिस आणि पालखीचा कागद

मित्रांनो, मानवजातीच्या इतिहासात खऱ्या अर्थाने तीनच शोध लागले: अग्नी, चाक आणि मी. अग्नीने माणसाला शिजवून खायला शिकवलं, चाकाने लांब जायला शिकवलं आणि मी त्याला घरबसल्या सगळं जग कवेत घ्यायला शिकवलं. पुढे कधी या संस्कृतीचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा त्याचं पहिलं पान माझ्या नावाने उघडेल याविषयी मला शंका नाही. फक्त ते पान उघडायला वेळ लागेल. आमच्या घरातली सून दर्शना माझं बटण दाबते, मग सुपातले तांदूळ निवडते, दूध उतरवते, मुलीची वेणी घालते आणि परत येते, तेव्हा मी नुकता स्वतःचं नाव आठवत असतो.

मी एक जुना संगणक आहे. पावसच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की आमची वाडी लागते. तिथे अनिल मांडवकरांच्या घरात माजघराला लागून एक खोली आहे. माझ्या डाव्या हाताला शिलाई मशीन, उजव्या हाताला आंब्याच्या रिकाम्या पेट्या. आमच्यात बोलणं होत नाही.

माझा जन्म रत्नागिरीत, मारुती मंदिराच्या बाजूच्या एका दुकानात झाला. जन्म म्हणजे जुळवणी. पेटी एकीकडची, आतला बोर्ड दुसरीकडचा, पडदा तिसरीकडचा, आणि पंखा कुठला ते दुकानदारालाही आठवत नव्हतं. माझ्यासारख्याला गोत्र विचारू नये. शेवटी दुकानदाराने एक चकती घालून माझ्यात 'ऑफिस' भरलं. ऑफिस म्हणजे पत्रं लिहायची सोय, आकडे आणि नावं मांडायचा तक्ता, आणि अशीच आणखी दोन-चार हत्यारं एका गाठोड्यात बांधलेली. ते नसलं तर माझ्यासारखा संगणक म्हणजे नांगराशिवायचा बैल. खायला लागतं, घरघरही करतो, पण काम शून्य. अनिलरावांनी त्या ऑफिसची पावती मागितली तेव्हा दुकानदार हसला. ते हसणं काय होतं, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

अनिलराव रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचे. फायली नावाच्या अक्षरानुसार लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घरी आणलं आणि मग आम्ही दोघांनी वाडीची सेवा केली. मी आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं केली. वाडीतल्या मुलामुलींचे लग्नाचे बायोडेटा केले, आणि त्यांत प्रत्येकाची उंची जमेल तेवढी वाढवून दिली. दसऱ्याला मला झेंडूचा हार असायचा. अनिलरावांच्या पत्नीने, त्या हयात होत्या तेव्हा, माझ्या पडद्यालाच कुंकू लावलं. त्यामुळे पुढे कितीतरी दिवस माझ्या प्रत्येक तक्त्यात एक जागा सौभाग्यवती दिसायची.

पण माझं खरं काम एकच: पालखीचा कागद.

मित्रांनो, शिमग्यात आमच्या ग्रामदेवीची पालखी घरोघर जाते. कोणाच्या घरी आधी, कोणाच्या घरी मागून, हा क्रम मानाचा. तो वाडवडलांनी घालून दिलेला आहे आणि त्यावरून गाव एकदा कोर्टात जाऊन आलेलं आहे. पहिला मान शिवगणांच्या थोरल्या घराचा. सगळ्यात शेवटी आग्र्यांचं घर. कोणत्या वारी पालखी कोणाच्या दारात, हे ज्या कागदावर लिहितात, तो पालखीचा कागद. हा कागद मुंबई-ठाण्याला पोचल्याशिवाय चाकरमान्यांना रजा टाकता येत नाही. त्यांच्या साहेबांना देवीचं नाव सांगून भागत नाही, लेखी लागतं.

त्याच कागदापायी मागच्या वर्षी आमच्या घरात एक गोष्ट राहून गेली. दर्शनाचा नवरा गौरव ठाण्याला एका कंपनीत आहे. त्यांची आरोही जन्मली तेव्हा फार आजारी होती. बाप तिला कडेवर घेऊन पालखीखालून जाईल, असा नवस तेव्हा बोलून ठेवला होता. मागच्या शिमग्यात तो फेडायचा होता. पण ऐन वेळी मला दमट हवा बाधली आणि मी दुरुस्तीला गेलो. कागद शहरातल्या छापखान्यात टाकला. तिथे लग्नपत्रिकांचा ढीग होता, त्याखाली आमची देवी दबली. कागद इतका उशिरा आला की गौरवला रजा मिळाली नाही. पालखी अंगणात नाचली आणि दर्शना मुलीला घेऊन ओटीवर उभी राहिली. सासऱ्यांनी नातीला उचलायला हात पुढे केले, तर ती म्हणाली, "नको बाबा. बोललोय तसंच करू." आणि नवस वर्षभर अडकून राहिला.

यंदा म्हणूनच कागद दर्शनाने आपल्याकडे घेतला. अनिलरावांचे हात आता थरथरतात. तिने माघातच माझ्यावरची धूळ झटकली, मला सुरू केलं आणि ऑफिसमध्ये जुना कागद उघडला. उघडल्याबरोबर वर लाल पट्टी आली. दुरुस्तीवाल्याने माझी प्रकृती सुधारताना माझ्या आत नवी व्यवस्था बसवली होती, आणि ती नवी व्यवस्था फार चौकस निघाली. तिने जुन्या ऑफिसची चौकशी केली आणि जे सापडलं ते लाल अक्षरांत लिहून टाकलं: ही प्रत खरी नाही.

दर्शनाने ती पट्टी बंद केली, ती परत आली. नेमके तेव्हाच गावकर आले. गावकर म्हणजे जानूकाका, गावाच्या देवकार्याचे प्रमुख. दरवर्षी पहिला कच्चा कागद ते स्वतः बघतात. त्यांनी चष्मा लावला आणि देवीच्या नावाच्याही वर असलेली ती लाल ओळ बोट ठेवून वाचली.

"अनिल, ह्या काय लिवलंय?"

अनिलराव म्हणाले की त्याला परवाना नाही, एवढंच.

"म्हंजे चोरीचा?"

अनिलरावांनी खुलासा केला की अख्ख्या तालुक्यात सगळ्यांचं असंच असतं, दुकानदारच घालून देतो, आपण काही मागितलं नव्हतं.

"असू दे सगळ्यांच्या. देवीचा कागद चोरीच्या हत्यारानं करायचा न्हाय."

इथे मित्रांनो, एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे होळीची लाकडं रात्री दुसऱ्याच्या आवारातून चोरून आणतात आणि जानूकाका त्यात वयाच्या सातव्या वर्षापासून आहेत. अनिलरावांनी तसं सुचवूनही पाहिलं. जानूकाकांनी शांतपणे सांगितलं की ती पद्धत आहे आणि ही चोरी आहे. परवान्याचं काहीतरी बघा, नाहीतर कागद पुन्हा छापखान्यात टाकू, असं म्हणून ते चहा न घेता गेले. गावकर चहा न घेता जातात तेव्हा विषय गंभीर असतो.

छापखाना म्हटल्यावर दर्शना उठली ती बसेचना. मलाही स्वस्थता नव्हती. माझा पंखा एरवी उन्हाळ्यात फिरतो तसा माघाच्या थंडीत फिरायला लागला. परवडणारं आणि प्रामाणिक ऑफिस शोधायचं, ते आठवड्याभरात, आणि आमच्या वाडीत बसून.

वाडीत नेटवर्क आंब्याच्या झाडावर मिळतं. खिडकीबाहेरच्या कलमाच्या दुसऱ्या फांदीला प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन टांगला की त्यातून जेमतेम मला पोचतं. वारा सुटला की पान अर्ध्यात थांबायचं. दर्शना मग खिडकीतून वर बघायची, जणू आंबा पडायची वाट बघतेय.

पहिल्यांदा तिने खऱ्या कंपनीच्या खऱ्या ऑफिसची किंमत काढली. ते वर्षाच्या भाड्याने मिळत होतं. भाडं भरलं तर वर्षभर लिहायचं, नाही भरलं तर आपणच लिहिलेलं नुसतं बघत बसायचं. अनिलराव खुर्चीत सरळ झाले. म्हणाले, "म्हणजे खंड. जमीन त्यांची, राबायचं आपण, आणि दरसाल खंड घालायचा. कूळ कायदा येऊन किती वर्षं झाली, यांना कोणी कळवलं नाही काय?" एकदाच पैसे भरून कायमचं घ्यायची सोयही होती. पण त्या किमतीत माझ्यासारखे दोन आले असते, आणि त्यातला एक तरी लवकर सुरू झाला असता.

मग दर्शनाच्या भावाने, विनीतने, चिपळुणाहून एक जाहिरात पाठवली. आयुष्यभराची किल्ली, किंमत चार माणसांच्या मिसळीएवढी. कोणाच्या आयुष्याची ते लिहिलं नव्हतं. दर्शनाने पैसे भरले, आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ आली, ती तिने माझ्यात भरली आणि लाल पट्टी गेली. मी इतका हलका कधीच झालो नव्हतो. शनिवारी पट्टी परत आली, आता जास्त लाल. विकणाऱ्याचा फोन बंद होता. भावाला विचारलं तर म्हणाला, "ताय, माझी पण गेली." एवढं बोलून तो हसला, आणि दर्शनाने फोन ठेवला.

त्यानंतर एक महिनाभर फुकट वापरायची योजना सापडली. महिना आम्हाला भरपूर होता. पण आधी बँकेच्या कार्डाचा नंबर द्या, म्हणाले. अनिलरावांनी दोन्ही हात वर केले. "फुकट जेवायला बोलावतात आणि दारातच तिजोरीची चावी मागतात. ऊठ."

नेटवरच्या नेटवर चालणारं ऑफिसही होतं. तेही फुकट. ते उघडून दर्शनाने देवीचं नाव लिहायला घेतलं आणि 'श्री' झाल्यावर वारा सुटला. वारा थांबला तेव्हा 'श्री'ही नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी वानरांची टोळी बागेत उतरली आणि त्यातल्या एकाने पिशवीत हात घालून पाहिला. ते ऑफिस आम्ही सोडून दिलं.

दिवस जात होते. ठाण्याहून गौरवचा फोन रोज यायचा. तो काही मागायचा नाही, फक्त विचारायचा, "झालं काय?" आणि दर्शना म्हणायची, "होतंय." मग दोघंही जेवणाबद्दल बोलायचे.

शेवटी तिला ते सापडलं. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कोणाच्या मालकीचं न ठेवलेलं ऑफिस. एकदा उतरवून घेतलं की नेट नको, कार्ड नको, किल्ली नको. मराठी येतं. परवान्यातच लिहिलेलं की वापरा, वाटा, दुरुस्त करा. दर्शनाने तीनदा वाचलं. चौथ्यांदा सासऱ्यांना वाचून दाखवलं.

अनिलराव म्हणाले, "फुकट?"

"हो बाबा."

"मग यात काय खोट आहे?"

मित्रांनो, आमच्याकडे फुकट दिलेला फणसही माणूस आधी उलटून बघतो, मग ठोकून बघतो, आणि मग देणाऱ्याकडे बघतो. जानूकाकांना बोलावलं. तेही तेच म्हणाले, फक्त सावकाश. कुणी एवढं राबून करतं आणि पैसे घेत नाही, तर त्याच्या मनात काहीतरी असणार. त्याला आपल्या देवीच्या वेळा कशाला हव्यात?

दर्शना सासऱ्यांसमोर आणि गावकरांसमोर मोठ्याने बोलत नाही. तेव्हाही बोलली नाही. तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर आमची पाखाडी दिसते, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, वरच्या घरांपासून खाली देवळापर्यंत.

"जानूकाका, ही पाखाडी कोणी बांधली?"

"कोणी म्हंजे? गावानं. माझ्या आज्यानं चिरे वायलेत."

"उतरायचे पैसे किती घेता?"

जानूकाका खिडकीशी गेले. मग म्हणाले, "पावसात एखादा चिरा हलला, तर?"

"ज्याला दिसेल तो बसवतो. इथेही तसंच आहे."

त्यांनी चहा मागितला. मला कळलं की परवानगी झाली.

ते ऑफिस उतरायला एक अख्खी दुपार लागली. मध्ये दोनदा वीज गेली. तिसऱ्यांदा फोन फांदीवरून घसरला. दर्शना मुलीला भरवत होती आणि एक डोळा माझ्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवर होता. पट्टी पुढे सरकायची, थांबायची, विचार करायची. मी विचार करत नव्हतो मित्रांनो, मी घाबरलो होतो. माझ्या पोटात एवढी जागा आहे का, हे मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी ते बसलं. लाल पट्टी नाही, काही नाही. स्वच्छ पांढरं पान, आणि त्यावर लुकलुकणारी एक उभी रेघ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यात कोणाचीही चोरलेली गोष्ट नव्हती. प्रामाणिकपणाने माणसाचं काय होतं ते मला माहीत नाही. मी थोडा मंद झालो.

जुने कागद मात्र उघडेनात. ते जुन्या वळणाच्या टंकातले होते, नव्या ऑफिसला त्यातलं अक्षर कळेना. थोरल्या घराच्या जागी टोप्या, काठ्या आणि उलटे प्रश्न दिसायला लागले. म्हणून दर्शनाने सगळा तक्ता नव्याने बसवला. पहिल्या रकान्यात वार आणि वेळ, दुसऱ्यात घर. मानाच्या क्रमाने एकेक नाव जानूकाकांकडून पाठ म्हणवून घेतलं. मांडवकरांचं घर मानात वरचं, त्यामुळे लवकरच, एका आडवारी, म्हणजे कामाच्या दिवशी येत होतं. गौरवला कळवायला अजून वेळ होता. सगळं जुळून आलं होतं. तिने तक्ता तपासला आणि ती वाढायला आत गेली.

खोलीत अनिलराव उरले.

त्यांनी सुनेचं काम पाहिलं. त्यांना ते आवडलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांना टोचली. नावं अस्ताव्यस्त होती. श नंतर म, म नंतर ग, मग भलत्याच ठिकाणी प. सगळी हयात ज्यांनी फायली अक्षरानुसार लावल्या, त्या माणसाने निवृत्तीनंतर हे कसं सहन करावं? आणि नव्या ऑफिसात त्यासाठी एक बटणच होतं, वर अ आणि खाली ज्ञ काढलेलं. त्यांनी नावांचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. आता हे नवं ऑफिस सभ्य आहे. त्याने लगेच काही केलं नाही, आधी विचारलं की शेजारचा रकानाही सोबत हलवू का. अनिलराव स्वतःशी म्हणाले, "शेजाऱ्याला कशाला हलवायचं? आपलं आपण नीट करावं." आणि 'नको' दाबलं.

वार जागच्या जागी राहिले. घरं हलली. अक्षरात पहिलं असल्यामुळे आग्र्यांचं घर पहिल्या दिवशी गेलं. शिवगणांचं थोरलं घर गेलं शेवटच्या रविवारी. मांडवकर बरोबर मध्ये, शनिवारी. अनिलरावांना फार समाधान वाटलं. सुनेला आपणहून दिलेला हा आहेर तिला जेवल्यावर सांगू, असं ठरवून ते जेवायला गेले, आणि जेवल्यावर त्यांना झोप लागली.

दर्शना आली. तक्ता तिने आधीच तपासला होता. तिने तसाच तो गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवला.

पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नकोच, पण सांगतो, कारण मला ते अजून स्वस्थ बसू देत नाही. तासाभरात गौरवचा फोन आला. त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. शनिवार आहे, साहेब हसला म्हणाला, रविवार जोडून रजा दिली, लेखी दिली. दर्शना म्हणाली, "शनिवार? आपलं घर शनिवारी कुठलं?" मग ती माझ्यासमोर आली आणि तिने तक्ता वाचला. ती खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं होतं. मांडवकरांच्या सुनेने नवऱ्याच्या रजेसाठी देवीचा मान फिरवला. दुसऱ्या दिवशी सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यावर, गाव जमलं. मी तिथे नव्हतो, मला घराबाहेर नेत नाहीत. पण घरी आल्यावर सासरा-सून जे बोलले, त्यावरून मला कळलं. दर्शनाने सासऱ्यांचं नाव घेतलं नाही. कागद मी पाठवला, चूक माझी, आज दुरुस्त करून पाठवते, एवढंच म्हणाली. थोरल्या घराच्या गोदाकाकी शिवगण समोरच बसल्या होत्या. तेव्हा अनिलराव उभे राहिले. त्यांनी हात मागे बांधले आणि ते म्हणाले, "बटण मी दाबलं. तिने क्रम बरोबर लावला होता, मी तो कचेरीसारखा केला." एवढं ऐकल्यावर लोकांची बोलणी थांबली खरी. पण गौरवची रजा शनिवारचीच राहिली. ती बदलता येईल का, असं त्याने साहेबाला विचारलं होतं. साहेब पुन्हा हसला नाही.

घरी येऊन दर्शनाने मला सुरू केलं. एकेक नाव उचलून परत मानाच्या जागी ठेवलं. थोरलं घर पहिलं. आपलं घर आडवारी. आपलं नाव हलवताना तिचा हात जरा थांबला. पण तिने ते हलवलं. कागद तयार झाला. आता फक्त पाठवायचा होता, आणि माझ्या पडद्यावरची ती उभी रेघ लुकलुकत होती, लुकलुकत होती.

त्याच वेळी गोदाकाकी आल्या. एकट्याच, काठी टेकत पाखाडी चढून. आमच्या घरी त्या यायच्या म्हणजे हळदीकुंकवालाच. आल्या आणि आंब्याच्या पेटीवर बसल्या.

"गो दर्शू, कागद धाडलास काय?"

"आत्ता पाठवतेय काकी. तुमचं घर पहिलं केलंय."

"थांब जरा."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी घरघर कमी करायचा प्रयत्न केला.

"माझे तिघे येतायत," त्या म्हणाल्या. "तुझा तो उलटा कागद बघून रजा टाकल्यानी. शेवटचा रविवार हाय म्हणून. तिघंही, बायकापोरांसकट."

दर्शनाने माऊसवरचा हात काढला.

"पयल्या दिवशी कोणाला कधी जमलंय? आडवार असतो. इतकी वर्सं पालखी पयली माझ्या दारात येते, आणि ओटी भरायला मी एकटी. मान हाय गो माझ्याकडं. माणूस न्हाय."

"पण काकी, पहिला मान..."

"माझाच हाय. कोण न्हाय म्हणतो? माझा हाय म्हणून तर मी देत्ये. यंदा कमळीला दिला. लिव तसं त्याच्यात, थोरल्या घरानं दिला म्हणून. मागून घेतला म्हणून लिवशील तर बघ."

कमळी म्हणजे आग्र्यांच्या शेवटच्या घरातल्या कमळाआजी. दर्शनाने विचारलं की बाकीच्या घरांचं काय. गोदाकाकी उठता उठता म्हणाल्या, "त्यांनी पण रजा टाकल्यानी असतील. इचार जा. आणि कोणी वाकडा बोलला, तर माझ्याकडं धाड."

कोणी वाकडं बोललं नाही. जानूकाकांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं, की बाये, पोरं येतायत, एवढं वर्ष सांभाळून घे. देवीने हरकत घेतल्याचं कोणी ऐकलं नाही. कागद पुन्हा अक्षराच्या क्रमाने लागला, पण खाली आता एक ओळ होती: 'यंदा थोरल्या घराने आपला पहिला मान आग्र्यांच्या घरास दिला आहे.' ती ओळ लिहिताना दर्शनाने अक्षर ठळक केलं.

शिमगा आला. कमळाआजींच्या दारात पालखी आयुष्यात पहिल्यांदा सकाळच्या उन्हात आली. एरवी त्यांच्याकडे पोचेपर्यंत ढोलवाल्यांचे हात गळालेले असायचे. यंदा ते ताजे होते. असे नाचले, असे नाचले, की पहिल्याच दिवशी माझं वेळापत्रक कोलमडलं आणि पुढची सगळी घरं ताटकळली. थोरल्या घरी रविवारी म्हणे इतकी माणसं होती की गोदाकाकींना ओटी भरायला वाट मिळेना, आणि त्या सगळ्यांवर ओरडत होत्या.

आमच्याकडे पालखी शनिवारी आली. माझ्या खोलीच्या दाराला कापडी पडदा आहे, त्यामुळे मी काही पाहिलं नाही. ढोल अंगणात आले तेव्हा माझा पडदा थरथरला, शिलाई मशीनसुद्धा हललं. मग ढोल एकदम थांबले. आरोही खळखळून हसली, आणि गौरव काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. मग ढोल परत सुरू झाले. त्यानंतर दर्शना आत आली. उगीचच. माझ्यासमोर एक मिनिट उभी राहिली, पदराने डोळे पुसले, त्याच पदराने माझा पडदा पुसला आणि बाहेर गेली.

मित्रांनो, माझी आता वाटचाल संपत आली आहे. गौरव नवा लॅपटॉप घ्यायचं म्हणतो, आणि मी त्याला दोष देत नाही. पण जाण्याआधी तुम्हाला दोन शब्द सांगावेसे वाटतात. जे महाग आहे तेच आपल्याला हवं असतं असं नाही. जे फुकट आहे त्यात खोट असतेच असंही नाही. जगात कुठेतरी, आपल्याला कधीही न भेटणारी माणसं आपल्यासाठी चिरे वाहून पाखाड्या बांधत असतात. त्यांच्यावरून नीट चाला. हललेला चिरा दिसला तर बसवा. चोरलेल्या किल्लीने उघडलेलं दार शनिवारी बंद होतं, हे विसरू नका. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रांना टाकून देण्याआधी एकदा विचारा, की अजून काय काय जमतं. आम्ही उत्तर देऊ. जरा वेळाने देऊ, पण देऊ. यंत्र काय, माणूस काय, कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची ही तगमग हेच खरं जगणं आहे. हा संदेश मी येणाऱ्या पिढ्यांच्या हाती सोपवतो.

आणि जाता जाता तेवढं ते मांजर माझ्यावरून खाली उतरवा. मी गरम असतो म्हणून ते येऊन झोपतं, आणि मला हवा लागत नाही.